ग्रेडरचा वेळ

माझे वडील मलकापुरात एका जिनिंगमध्ये ग्रेडर होते. ग्रेडर म्हणजे आलेल्या कापसात हात घालून त्याची प्रत ठरवणारा माणूस. ट्रॉलीवर चढायचं, कोपरापर्यंत हात खुपसायचा, तीन-चार ठिकाणचे बोळे उपसायचे, बोटांत चोळून पाहायचे, धागा ताणून तोडायचा आणि भाव बोलायचा. बाबांना या सगळ्याला एक बिडी ओढायला लागतो त्याहून कमी वेळ लागे. ओल किती, कवडी म्हणजे किडका, पिवळा कापूस किती, वर कोरडा माल पसरून खाली भिजलेला दडवलाय का, हे त्यांच्या हाताला कळायचं. कापूस आणणारे त्यांना कसाई म्हणत. तोंडावर नाही, पण गेटबाहेरच्या चहाच्या टपरीवर मी स्वतः ऐकलंय. आणि त्यातलाच कुणीतरी लगेच म्हणायचा, कसाई हाय, पण खोटं नाही सांगत.

घरीही ते ग्रेडरच होते. वांगी, लुगड्याचं कापड, भाकरीचं पीठ, सगळ्याला हात लावून निकाल द्यायचे आणि तो निकाल शेवटचा. लहानपणी मी रडले की आईला सांगायचे, "हिच्यात ओल जास्त हाय, भाव नाही येनार." आणि हसायचे. आईही हसायची. पुढे मला पाहायला एक मुलगा आला, बाबांनी त्याच्याशी हात मिळवला, आणि तो गेल्यावर म्हणाले की हात फार मऊ आहे, यानं कधी काम केलेलं नाही. स्थळ तिथंच मोडलं. मला तो मुलगा आवडला होता; आवडला का, हे त्यांनी विचारलंच नाही.

मी पुण्यात एका कंपनीत वेब ॲप्लिकेशनवर काम करत होते. जेवणाच्या सुटीत तिथली पोरं माझ्या मले-तुलेची नक्कल करायची. मी त्यांच्या चुका सगळ्यांसमोर दाखवून वचपा काढायची, त्यामुळे तिथं माझ्याशी कुणाचं फार जमत नव्हतं. मग आई गेली आणि बाबांचा फोन आला. ये म्हणाले, स्वयंपाकाला लावलेली बाई मीठ जास्त टाकते. एवढंच कारण. मी नोकरी सोडून आले, आणि बाबांनी मालकाला सांगून मला जिनिंगच्या ऑफिसात चिकटवलं.

मालकानं अकोल्याच्या कुणाकडून तरी एक वेब ॲप करून घेतलं होतं. करणारा नंतर फोन उचलेनासा झाला, म्हणून ते माझ्या गळ्यात पडलं. काम साधं होतं. गेटवर गाडीचा नंबर टाकला की टोकन निघायचं, मग गाडी वजनाच्या काट्यावर जायची, तिथून ग्रेडरकडे. ग्रेडर हातातल्या टॅबवर ती गाडी उघडायचा, माल पाहायचा, कट्टी टाकायचा आणि सेव्ह करायचा. कट्टी म्हणजे ओल आणि खराबी म्हणून भावातून जे कापतात ते. बाबांना टॅब आवडत नव्हता. त्याला ते डबडं म्हणायचे, आणि माझ्या नोकरीला डबड्यातलं काम.

त्या वर्षी कापसाची दैना होती. अळी लागणार नाही म्हणून ज्या बियाण्याच्या थैल्या लोकांनी दुकानापुढे उभं राहून घेतल्या होत्या, त्याच बियाण्याची बोंडं फोडली की आतून गुलाबी अळी निघत होती. अर्धवट उमललेला, पिवळा पडलेला, कवडीचा माल. ज्याच्याकडे थोडा बरा निघाला तो घाईनं वेचून, घाईनं गाडीत भरून आणत होता, कारण उद्याचा भरवसा नव्हता. गेटपासून हायवेपर्यंत ट्रॅक्टर उभे राहायचे. आणि टोकन निघायचं नाही. गेटवाला बटण दाबायचा आणि पडद्यावर ते गोल चक्र फिरत बसायचं. मालकानं मला बोलावून सांगितलं की कम्प्युटर स्लो झालाय, काय ते पाहून घे.

ॲप्लिकेशन हळू का चालतं हे शोधायला त्याला प्रोफायलर लावतात. प्रोफायलर म्हणजे ॲपच्या मागं लावलेली सासू. सून विहिरीवर गेली, तिथं किती वेळ लावला, कुणाशी बोलत उभी राहिली, सगळं टिपून ठेवणारी. पण या सासूला कुठं बसवायचं, कशावर नजर ठेवायला सांगायचं आणि कशाकडे डोळेझाक करायला लावायची, हे आधी ठरवावं लागतं. मी पहिल्या दिवशी घाई केली. प्रत्येक हालचाल टिप, असं सांगून ठेवलं. टिपण्यातच सगळी ताकद गेली आणि जे काही निघत होतं तेही टोकन निघेना. ट्रॅक्टरवाल्यांनी हॉर्न लावले. बाबा काट्याजवळून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, की पोरगी पुण्याहून शिकून आली आणि चालतं मशीन बंद पाडून बसली. लोक हसले. मशीन बंद पडलं होतंच, मी प्रोफायलर काढून टाकला.

मग शहाणपण आलं. सगळं टिपायचं नाही, थोडं थोडं टिपायचं. ग्रेडर तरी कुठं पूर्ण ट्रॉली उपसतो? चार बोळे काढतो आणि गाडीचं ठरवतो. मी तसंच केलं. टोकन, काटा आणि ग्रेड एवढ्या तीनच ठिकाणांवर नजर ठेवली, गाड्यांचे फोटो आणि मालकाचे अहवाल सोडून दिले, आणि विसातली एखादी विनंती टिपायला लावली. आलेख निघाला. त्यात काहीच नव्हतं. सर्व्हर निवांत, डेटाबेस निवांत, कुणाच्या कपाळावर घाम नाही. बाहेर हायवेपर्यंत ट्रॅक्टर आणि आत सगळं झकास, असा तो आलेख होता. मी त्याच्याकडे पाहून दात-ओठ खाल्ले.

चूक माझ्या सेटिंगमध्ये होती. प्रोसेसर किती राबला तेवढंच मी मोजायला सांगितलं होतं. नुसतं थांबून राहण्यात गेलेला वेळ त्यात येत नव्हता. मी ती सेटिंग बदलून घड्याळाचा वेळ मोजायला लावला आणि चित्र पालटलं. टोकन देणारा कोड क्षणभर काम करत होता आणि चार-चार मिनिटं दारात ताटकळत होता. दार कुणी अडवलंय हे पाहायला मी आणखी एक खूण घातली. मागच्या हंगामात एकाच गाडीला दोघांनी दोन भाव टाकले होते, तेव्हा मालकानं हट्टानं एक लॉक घालून घेतलं होतं. ग्रेडरनं एक गाडी उघडली की ती सेव्ह होईपर्यंत दुसरी कुठलीच नोंद हलणार नाही, ना टोकन, ना वजन. बाबांचा हात चालत होता तोवर ते लॉक कुणाला जाणवलंही नव्हतं. आता आलेखावर लांबच लांब लाल पट्टी होती आणि तिच्यावर बाबांच्या टॅबचा नंबर होता.

मला आधी आनंद झाला, खोटं कशाला सांगू. सगळ्यांसमोर मला हसले होते ना. मी तशीच उठून यार्डात गेले.

बाबा एका ट्रॉलीवर होते. हात कापसात कोपरापर्यंत, आणि तो बाहेर निघेचना. मग त्यांनी बोळा काढला, चोळला, परत चोळला. इकडेतिकडे पाहिलं आणि बोळा वरच्या ओठाला लावला. मग गालाला. मग पुन्हा हात आत. खाली उभे असलेले दोघंतिघं कौतुकानं पाहत होते. एकजण दुसऱ्याला सांगत होता की जुना माणूस आहे, ओठानं ओल ओळखतो. मी सारं आयुष्य बाबांना कापूस पाहताना पाहिलंय. त्यांनी तो ओठाला कधीच लावला नव्हता.

संध्याकाळी मी चहा केला, आणि रोजच्यासारखा कपात न देता स्टीलच्या पेल्यात ओतला, उकळता, काठोकाठ. मला पाहायचंच होतं. बाबांनी पेला पूर्ण मुठीत धरला. हातात धरूनच ते मला गेटवाल्याची कसलीतरी गोष्ट सांगत होते, आणि सांगता सांगता पेला तोंडाला लावला तेव्हा ओठ भाजून दचकले. हात मात्र तसाच पेल्याभोवती होता. बोटांची टोकं लाल झाली होती. त्यांना साखर होती हे मला माहीत होतं, पायाला मुंग्या येतात म्हणायचे. हाताचं कधी बोलले नव्हते.

मी म्हटलं, बाबा, बोटं भाजली तुमची. त्यांनी हाताकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं, आणि मी काय केलं ते त्यांना कळलं.

"मालकाले बोललीस त याद राख," ते म्हणाले. "हा हात गेला त मी काय हाय? घरी बसून तुह्या हातची भाकर मोडू का?"

मी डॉक्टरचं काढलं. त्यांनी ऐकून घेतलं नाही, हात उपरण्याखाली घेऊन उठून गेले. मला दया आली, आणि तिच्याबरोबर रागही आला, की ज्या हातावर हा माणूस उभ्या तालुक्याला वाकवत होता तो हात मेलाय आणि तरी हा वाकवतोच आहे.

माझ्याकडे सोपा रस्ता होता. ते लॉक मी सैल केलं असतं, प्रत्येक गाडीपुरतं वेगळं केलं असतं, तर बाबा ट्रॉलीवर कितीही वेळ हात घालून बसले तरी गेटवर टोकन निघालं असतं. कुणाला काही कळलं नसतं. मी तो कोड लिहूनही ठेवला होता. फक्त चालू करायचा होता.

दुसऱ्या दिवशी एक म्हातारा मुसलमान शेतकरी आला, जवळच्याच खेड्यातला. बाबांना कितीतरी वर्षांपासून ओळखणारा. मुद्दाम यांच्याकडेच यायचा, कारण यांचा भाव कमी असला तरी खरा असायचा. त्याचा माल पहिल्या वेच्याचा होता, अळी पडायच्या आधीचा. घरात जपून ठेवलेला. मी काट्याजवळ उभी होते, म्हणून गाडीच्या कडेनं हात घातला. कापूस कोरडा होता, उन्हात ठेवलेल्या उशीसारखा. बाबा वर चढले, हात घातला, ओठाला लावला, गालाला लावला. बराच वेळ गेला. मागचे ट्रॅक्टर बोंबलायला लागले. मग त्यांनी टॅबवर ओलीची कट्टी टाकली, मोठी.

म्हाताऱ्याला आधी समजलंच नाही. मग हळूच म्हणाला, "भाऊ, पुन्हा एकदा हात लावून पाहा ना. ओल कुठी हाय त्याच्यात?"

बाबा म्हणाले की कापूस तुला कळतो की मला. आणि सेव्ह केलं. म्हाताऱ्यानं माझ्याकडे पाहिलं, मी हात घातलेला त्यानं पाहिला होता. मी खाली पाहिलं. गाडी परत न्यायची तर पुन्हा भाडं, आणि दुसऱ्या जिनिंगवर पुन्हा पहिल्यापासून लाईन. त्यानं गाडी रिकामी केली. जाताना त्यानं बाबांना सलामही केला, नेहमीसारखा. मला तो सलाम पाहवला नाही.

मी लिहिलेला कोड पुसला आणि आलेख घेऊन मालकाकडे गेले. मनात एक गणित होतं. मालक बाबांना काढणार नाही, जुना माणूस आहे, काट्यावर किंवा गेटवर बसवेल. तिथं बोटं लागत नाहीत. आणि ट्रॉलीवर दुसरा कुणीतरी चढेल, ज्याला कोरडं आणि ओलं कळतं. मी सगळं सांगितलं. लाल पट्टी दाखवली. बोटांचंही सांगितलं.

मालकानं आलेख पाहिलाही नाही. चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"मले दिवाळीपासून मालूम हाय, बेटा. त्याच्या हातातून चाव्या पडल्या अन् त्याले पत्ताच नाही. तवाच समजलं." मग हसला, अगदी मायेनं. "ज्याले समजते ना, तो ग्रेडर कधीमधी पूरा भाव देऊन टाकते. तुह्या बाबाले आता समजत नाही, म्हणून तो भेते. चुकून ओला माल घेतला त आपली जागा जाईन, असं भेते. अन् भेलेला मानूस कापतेच. असा ग्रेडर मले कुठी भेटन?"

लॉकचं मी विचारलं. ते राहू दे म्हणाला, एका गाडीला दोन भाव नकोत. फक्त बाबांना म्हणावं हात जरा लवकर चालवा, लाईन हलली पाहिजे. आणि मला चहा मागवला. मी तो पिऊन उठले.

घरी जेवताना मी बाबांना सांगितलं. गुळगुळीत करून नाही सांगितलं. त्यांना दुखवायचंच होतं मला. बोटांना लागत नाही तर दुसरीकडे कुठं तरी लागू दे, असं मनात होतं. ताट फेकतील, मला शिव्या देतील, मालकाच्या तोंडावर टॅब आपटून येतील, आणि मग आपण त्यांना जळगावला डॉक्टरकडे नेऊ, इथपर्यंत मी पोचले होते.

"मालकाले सगळं मालूम हाय, बाबा," मी म्हटलं. "तुमाले समजत नाही, अन् तुमी भिऊन कापता, म्हणूनच ठेवलं तुमाले."

ते घास चावत राहिले. मग म्हणाले, "काढनार नाही म्हने?"

मी नाही म्हटलं. त्यांनी पुन्हा विचारलं, पक्कं ना. मी हाव म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि आणखी वरण मागितलं.

दुसऱ्या दिवशी आलेखावरची लाल पट्टी नाहीशी झाली. मला वाटलं प्रोफायलर बंद पडला. मी सेटिंग तपासली, नमुना घेतला जातोय की नाही ते पाहिलं, घड्याळाचाच वेळ मोजतोय ना, तेही पाहिलं. सगळं जागच्या जागी होतं. टोकनं धडाधड निघत होती. गेटवाल्यानं खिडकीतून मला अंगठा दाखवला. मालकानं ऑफिसच्या दारात उभं राहून सगळ्यांना सांगितलं की पोरीनं मशीन दुरुस्त केलं, आणि त्याच्या दुसऱ्या जिनिंगवरही हेच बसवून द्यायला मला पाठवणार आहे.

मी यार्डात गेले. बाबा टिनाच्या शेडखाली खुर्ची टाकून बसले होते. टॅब मांडीवर. दाढी केली होती, किती दिवसांनी. गाडी समोर आली की ते बसल्या जागेवरून तिच्याकडे पाहायचे, बोट टॅबवर जायचं, कट्टी पडायची, पुढची गाडी. ट्रॉलीवर ते चढतच नव्हते. तेव्हा मला कळलं की त्या चार-चार मिनिटांत बाबा काय करत होते. ते शोधत होते. मेलेल्या बोटांनी, ओठानं, गालानं, कोरडा माल कोणता आणि ओला कोणता ते शोधत होते, आणि सापडलं नाही की भिऊन कापत होते. पण शोधत होते. आता शोधायचं कारण उरलं नव्हतं, भ्यायचंही नाही. मी ते काल वरणभातासोबत काढून घेतलं होतं.

एक बाई ट्रॅक्टरच्या मडगार्डवरून खाली उतरली. ट्रॉली तिचीच असावी. तिनं स्वतःच आपल्या मालातून एक बोळा उपसला आणि तो घेऊन बाबांच्या खुर्चीपर्यंत आली.

"भाऊ, हात त लावा," ती म्हणाली.

"इथून दिसते मले," बाबा म्हणाले.

ती बोळा पुढं करून तशीच उभी राहिली. बाबांनी सेव्ह केलं होतं, आणि गेटवर पुढच्या गाडीचं टोकन निघालंही होतं.